कोपर-चाचणी प्रलंबित

आरोग्यापेक्षा सुरक्षितता मोठी. माणूस आजारी पडला तर चालतं, पण तो नियमाप्रमाणे आजारी पडायला हवा. नाहीतर नोंद कुठे करायची हा प्रश्न उभा राहतो. हे मी ऐकीव सांगत नाही. एका मोठ्या कारखान्यात मी एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो. माझ्या कारकिर्दीत तिथे एकूण चौदा अपघात झाले. त्यांतले नऊ मी लावलेले सूचनाफलक डोक्यात पडून झाले, म्हणजे यंत्रांमुळे झालेले फक्त पाच. निरोपसमारंभात साहेबांनी या आकड्याचा मुद्दाम उल्लेख केला होता.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घराचं भलंच होतं. जिन्याच्या पायऱ्यांना पिवळे पट्टे आले. न्हाणीघराच्या दारावर 'ओले असू शकते' अशी पाटी लागली. शेगडीजवळ वाळूची बादली आली. (आईने तिच्यात लसूण लावला. तो काढून टाकण्याबाबत तिला दोन स्मरणपत्रं दिली आहेत.) घरच्यांना या सुधारणांबद्दल काय वाटतं ते त्यांनी अभिप्रायपेटीत लिहून टाकावं, असं मी जाहीर केलं आहे. पेटी व्हायची आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. आमची ही शिवणकाम करते. रस्त्याकडच्या खोलीत तिचं मशीन, कापण्याचं टेबल आणि छतापर्यंत गेलेले कापडाचे गठ्ठे. उन्हाने कापडाचा रंग उडतो म्हणून खिडकी कायम बंद. बावीस वर्षं ती तिथे बसते आहे आणि आसपासच्या तीन शाळांची मुलं तिने शिवलेल्या गणवेशात गुडघे फोडून घेतात.

तर गेले सात महिने तिचं डोकं दुखत होतं. दुपारी बाराच्या सुमारास उजव्या भुवईवर ठणका सुरू व्हायचा, तो संध्याकाळी दिवे लागले तरी थांबायचा नाही. चष्म्याचा नंबर बदलून झाला. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. "थोडी विश्रांती घेत जा," असं ते म्हणाले. हा सल्ला घरी सर्वांना पटला. तो एकमताने मंजूर झाला आणि मग आम्ही तिला विचारलं की आज जेवायला किती वाजता वाढतेस.

मग एक दिवस तिने मशीनवर कापड पांघरलं आणि सांगितलं, "पुढच्या महिन्याच्या शेवटी मशीन देऊन टाकते. पुढच्या गल्लीतल्या शिंप्याला हवंय. डोकं राहिलं तरी पुष्कळ झालं."

मशीनशिवाय ही, हे चित्रच डोळ्यांपुढे येईना. ती रागावली की मशीन जोरात चालतं, खुशीत असली की मशीनच्या तालावर गुणगुणते. चाळीस पावलांवरून मला घरचं हवामान कळतं. ते बंद झालं तर मी कशाच्या भरवशावर घरात शिरायचं? म्हणजे तोपर्यंत डोकेदुखी जायला हवी होती, नाहीतर मशीन जाणार होतं.

अशा वेळी आमच्या वहिनी आल्या. वहिनींना दर वर्षी एका गोष्टीचा साक्षात्कार होतो. मागच्या वर्षी उलटं चालणं होतं. (ते गटारापाशी थांबलं.) या वर्षी सुगंधी तेलं. त्यांनी पर्समधून अंगठ्याएवढी बाटली काढली आणि टेबलावर अशी ठेवली की मी आपोआप उभा राहिलो.

"दोन थेंब कपाळाला चोळ," त्या हिला म्हणाल्या. "डोकेदुखी पळून नाही गेली तर नाव बदलेन."

"वहिनी, नुसतंच? न पातळ करता?" मी विचारलं.

"अहो भावजी, निसर्गाचं आहे ते. त्याला कसली भीती?"

"विंचूही निसर्गाचाच असतो," मी म्हणालो आणि बाटली ताब्यात घेतली.

तीन दिवस मी खोलीबाहेर आलो नाही. चौथ्या दिवशी 'घरगुती सुगंधी तेल वापर (सुरक्षा) नियमावली' तयार झाली. एकेचाळीस कलमं, तीन परिशिष्टं आणि एक नकाशा. सगळी इथे देता येत नाही, पण जनहितार्थ काही देतो.

कलम ४. तेल न पातळ करता त्वचेला लावू नये. दोन चमचे साध्या तेलात एक थेंब. चमचा स्वयंपाकघरातला नसावा. डोळ्यांच्या आसपास तर नावही काढू नये.

कलम ७. तेल पोटात घेऊ नये. (बाटली पाहताच आईने "चवीला कसं आहे?" असं विचारल्यामुळे हे कलम घालावं लागलं.)

कलम ९. दमेकरी, गरोदर बाई आणि तान्हं मूल यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापर नाही. (आमच्या घरी तिघांपैकी कोणीच नाही. तरी मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी फोन ठेवला.)

कलम ११. वापराआधी अर्धा तास खिडकी सताड उघडी असावी. कापडाचा रंग उडाल्यास उडू द्यावा.

कलम १४. जवळ ज्योत नको, चालू यंत्र नको, मोबाइल नको. मशीनची पिन भिंतीतून काढून ठेवावी.

कलम १६. वापरकर्तीने पाठ टेकता येईल अशा खुर्चीत खिडकीजवळ बसावं. चक्कर येण्याची शक्यता गृहीत धरून आधी एक पेला पाणी प्यावं.

कलम १९. मांजर व इतर अनधिकृत जीव यांना खोलीत मज्जाव. वापरकर्तीला या वेळेत कोणीही हाक मारू नये. दचकल्यास तेल सांडण्याचा धोका. चहा हवा असणाऱ्याने तो स्वतः करावा.

कलम २३. हे सर्वांत महत्त्वाचं. कोपर-चाचणी. पहिल्या टप्प्यात नुसतं साधं तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून चोवीस तास निरीक्षण. पुरळ, खाज, लाली नसेल तर दुसऱ्या टप्प्यात पातळ केलेलं सुगंधी तेल, पुन्हा चोवीस तास. मधे कोपराला पाणी, साबण किंवा बाहेरचा कोणताही पदार्थ लागल्यास चाचणी रद्द, पहिल्यापासून सुरुवात.

या कलमामुळे थोडी प्रशासकीय अडचण झाली. कोपर कोरडं ठेवायचं तर भांडी कोण घासणार? तर्काला धरून मी ते काम चिरंजीवांकडे दिलं.

"बाबा, आईला तेल लावायचं तर मी भांडी का घासू?" त्याने विचारलं. वय वर्षं सव्वीस, आणि प्रश्न असले.

"परिशिष्ट दोन वाच," मी सांगितलं. त्याने वाचलं नाही, पण भांडी घासली. लेखी आदेशाचा हाच फायदा असतो.

निरीक्षक म्हणून आईची नेमणूक झाली. वय एक्क्याऐंशी, नजर घारीची, आणि दिवसभर बसून राहण्याचा दांडगा अनुभव. रोज अकरा वाजता खिडकी उघडायची, ही पाणी पिऊन खुर्चीत बसायची, आई समोर स्टूल घेऊन कोपराकडे बघत बसायची. संध्याकाळी चार वाजता पुन्हा तेच. शेरा वहीत आई लिहायची आणि खाली मी सही करायचो. सही करताना मी वही वाचत नसे. एकतीस वर्षांत कधी वाचली नव्हती. नोंदवही वाचायची नसते, ठेवायची असते. आमच्या धंद्यात हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

आणि काय सांगू! पहिल्या आठवड्यात डोकं सहा दिवस दुखलं. दुसऱ्या आठवड्यात चार. तिसऱ्यात एक. (त्या दिवशी वहिनी आल्या होत्या, म्हणून तो धरू नये असं माझं मत आहे.) चौथ्या आठवड्यात शून्य. शंभर टक्के घट! एवढी घट मी याआधी फक्त माझ्या व्याख्यानांच्या उपस्थितीत पाहिली होती.

महिनाअखेरीस शिंपी हातगाडी घेऊन दारात उभा. ही दारात गेली, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "दादा, माफ करा. मशीन द्यायचं नाही. मला लागतं." शिंपी बिचारा रिकामी गाडी ढकलत गेला आणि आतून मशीन सुरू झालं, वर गुणगुणणं. मला इतका आनंद झाला की मी जिन्यावरून दोन पायऱ्या सोडून उतरलो, जे कलमांच्या विरुद्ध आहे.

बातमी हां हां म्हणता पसरली. "म्हटलं नव्हतं?" म्हणत वहिनी दारोदार फिरल्या. मीही 'सुगंधी तेलाचा यशस्वी व सुरक्षित वापर : एक अनुभव' असा सोळा पानी अहवाल लिहिला. त्यात एकच रकाना रिकामा होता : महिनाभरात एकूण किती तेल खर्च झालं. मोजपट्टी घेऊन मी कपाट उघडलं.

बाटलीचं सील शाबूत होतं.

मी बाटली उलटीसुलटी करून पाहिली. मग आयुष्यात पहिल्यांदा नोंदवही उघडून वाचली. आईच्या वळणदार अक्षरात रोजचा शेरा होता. 'कोपराला शिंप्याचा खडू लागला. पहिला टप्पा पुन्हा.' 'निरीक्षकाला डुलकी लागली. पहिला टप्पा पुन्हा.' 'कोपराला पाणी लागले. पहिला टप्पा पुन्हा.' 'खडू. पुन्हा.' 'खडू.' 'डुलकी.' अठ्ठावीस शेरे, आणि प्रत्येकाखाली माझी लफ्फेदार सही. दुसरा टप्पा उजाडलाच नव्हता. माझ्या बायकोच्या अंगाला त्या तेलाचा वाससुद्धा लागलेला नव्हता.

आता प्रश्न असा, की हे तिला सांगायचं का? सांगितलं आणि ठणका परत आला तर? शिंप्याकडे हातगाडी तयारच होती. दोन दिवस अहवाल तसाच टेबलावर पडून होता. पण खोटा अहवाल मी कधी लिहिला नाही. (न वाचता सही केली, ती वेगळी गोष्ट.) शेवटी धीर करून मी कलम १९ मोडलं आणि अकराच्या सुमारास खोलीत शिरलो. खिडकी उघडी होती, वाऱ्याने गणवेशाच्या बाह्या हलत होत्या, या दोघी निवांत बसल्या होत्या.

"अगं, एक गंभीर बाब आहे," मी म्हणालो. "ती बाटली उघडलेलीच नाही."

"माहितीये मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. खडू मीच लावत होते."

मी आईकडे पाहिलं. "आणि तुझ्या डुलक्या?"

"मला कुठली रे डुलकी! दुपारीसुद्धा डोळा लागत नाही माझा," आई म्हणाली. "सूनबाई म्हणाली डुलकी लिहा, मी लिहिली."

"पण का? तेल लावलं असतंस तर..."

"लावलं असतं तर चाचणी संपली असती," ही शांतपणे म्हणाली. "मग दोन मिनिटांत चोळून झालं, की ऊठ आणि चहा टाक. अहो, मी नुसतंच म्हटलं असतं, की दिवसातून दोनदा खिडकी उघडून गप्प बसणार आहे, मला हाक मारू नका, भांडी तुमची तुम्ही बघा, तर बसू दिलं असतं का मला?"

एकतीस वर्षांत मी कामगारांना, साहेबांना, एकदा तर मंत्र्यांनाही उत्तरं दिली. या वेळी मी मनातल्या मनात एकेचाळीसही कलमं चाळली. डॉक्टर विश्रांती म्हणाले तेव्हा आम्ही ऐकलं नाही. अंगठ्याएवढी बाटली आली तेव्हा मुकाट्याने भांडी घासली. सरळ सांगतो, मला लाज वाटली. मी बाहेर आलो, तिघांचा चहा केला आणि दाराबाहेरूनच आत सरकवला, कारण कलम १९ अजून लागू होतं. नंतर नियमावलीला बेचाळिसावं कलम जोडलं : 'पहिला टप्पा कायमस्वरूपी.'

खरी हकीकत मी इमारतीतल्या अकराही बिऱ्हाडांना सांगून आलो. खिडकी, पाणी, पाठ टेकायची खुर्ची, आणि तोंड बंद ठेवणारं घर. अकराही जणांनी माना डोलावल्या आणि अकराही जणांनी एकच प्रश्न विचारला : ते तेल कोणतं?

वाचकहो, तुम्ही शहाणे आहात, तुम्ही असं विचारणार नाही. तुम्ही फक्त मघापासून मनात म्हणत असाल, की याने सगळं लिहिलं, तेलाचं नाव तेवढं लिहिलं नाही. ठीक आहे, सांगतो. पण त्याआधी एवढं बघून या : तुम्ही हे निवांत वाचत बसलात, तेवढ्या वेळात आत चहा कोणी केला, भांडी कोणी आवरली, आणि त्या माणसाचं डोकं आज दुखतंय का. आणि जर तो चहा करणारे तुम्हीच असाल, हे वाचताना मधूनच दोनदा उठून गेला असाल, तर नावाबिवाच्या भानगडीत पडू नका. कोणतीही एक बाटली आजच्या आज घरी आणा.