वाकळे गुरुजींची पोरं

शाळेत रुजू झाले तेव्हा सुरुवातीचे काही दिवस मी धोंडूला शोधत होते.

वाकळे गुरुजी मधल्या सुट्टीत बशीत चहा ओतता ओतता सांगायचे, "धोंडूचं काई खरं न्हाई, बाई. बाप पिऊन आला की हे पोरगं गोठ्यात झोपायलंय. आभ्यास कवा करावं त्यानं?" मी नवी होते, उत्साही होते, सातवीची वर्गशिक्षिका होते. माझा हजेरीपट पाहिला, पाचवी-सहावीचेही मागवून चाळले. धोंडू कुठेच नाही. शेवटी गुरुजींनाच विचारलं, "आडनाव काय त्याचं? वडिलांना बोलावून घेते."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. "बोलवा की. पर निम्म्या पुस्तकाच्या पुढं बोलवा. त्याच्या आधी बाप शुद्धीवर येत न्हाई."

बाकीचे शिक्षक हसले. गुरुजी हसले नाहीत. धोंडूचं त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

आमच्या शाळेचं गाव बोरीच्या अलीकडं. शाळा सातवीपर्यंत. मी जिंतूरहून एसटीनं ये-जा करायची. शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक कपाट, आणि त्या कपाटाची किल्ली गुरुजींच्या करगोट्याला. पायजमा कायम वीतभर आखूड, डोक्याला टोपी, आणि काखेत पाचवी ते सातवीच्या पोरांनी वाचायचं एखादं पुस्तक. मोठ्यांचं पुस्तक त्यांच्याकडं कधी दिसलं नाही. त्याला कारण होतं. गुरुजींचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या, आणि पोरांना मराठी शिकवायला निघालेल्या तरण्या गुरुजींना आधी स्वतः मराठी शिकावं लागलं. ते त्यांनी पोरांच्याच गोष्टीच्या पुस्तकांतून शिकून घेतलं. पुढं ते तिथून हललेच नाहीत.

"गेलतो एकदा मोठ्यांच्या पुस्तकात," ते सांगत. "दोघंजण लग्न करावं का न्हाई ह्याच्यावरच परेशान. तीनशे पानं झाली तरी तेच. मी म्हणलं, चालू द्या तुमचं."

स्वतः गुरुजींनी लग्न केलंच नव्हतं. गावात एक खोली भाड्यानं घेऊन ते एकटे राहत.

कपाटात वरच्या फळीवर पऱ्या, राक्षस आणि बोलणारे ससे डांबरगोळ्यांच्या वासात पडून असत. मधल्या फळीवर साधी पोरं होती. कुणाचा बाप कामावरून निघालेला, कुणी नव्या गावात आलेला, कुणाची मैत्रिणीशी कट्टी. गुरुजी त्या फळीला "आपली पोरं" म्हणत. नवे हेडमास्तर आले तेव्हा म्हणाले, "गुरुजी, मुलांना परीकथा द्या. हे रडगाणं कशाला?"

"परी भाकर खाती का, सायेब?"

"म्हणजे?"

"जी भाकरच खात न्हाई, तिची फिकीर पोरांनी कशापायी करायची?"

पुस्तक कोणाला कोणतं द्यायचं हे ते इयत्तेवरून ठरवत नसत. धाकट्या भावाला बडवणाऱ्या पोराला त्यांनी धाकट्या भावानं सांगितलेली गोष्ट दिली. सरपंचांच्या विठ्ठलला सालगड्याच्या पोराची. चार दिवसांनी सरपंच तावातावानं शाळेत आले. "गुर्जी, काय वाचायला दिलाव? आमचं पोरगं सालगड्याच्या पोराला माझ्या कपातून चहा पाजायलंय!"

"कप फुटला का?" गुरुजींनी काळजीनं विचारलं.

सरपंच तसेच परत गेले. विठ्ठलला गुरुजींनी लगेच दुसरं पुस्तक काढून दिलं.

अशा या माणसाला मी एकदाच हरताना पाहिलं.

कमल माझ्या वर्गात होती. कपाटातली मधली फळी तिनं जवळजवळ संपवली होती. दिवाळी झाली आणि कळलं, तिचे आईबाप ऊसतोडीला निघालेत आणि कमललाही नेणार आहेत. आई ऊस तोडणार, मग तान्हा भाऊ कोण सांभाळणार? त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून कुठं कुठं बंद होता, संध्याकाळची एसटी आलीच नाही. मी हेडमास्तरांकडं मुक्कामाला निघाले होते, तेवढ्यात गुरुजी आडवे आले.

"बाई, कमलच्या घरी चलता का? तुमी संगं असलाव तर लिंबाजी डाफरणार न्हाई."

लिंबाजी दारात बसून कोयत्याला धार लावत होता. त्याची बायको ठकूबाई गाठोडी बांधत होती. सकाळी ट्रक येणार होता. कमल बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती.

गुरुजींनी सुरुवातच चुकीची केली. "लिंबाजी, एक मुक्ता म्हणून पोरगी हुती. लय हुशार. बापानं अशीच शाळा सोडवली तिची. काय तकलीफ झाली तिला, मालूम हाय का?"

लिंबाजीनं कोयता थांबवला. "कुठल्या गावची?"

मी गुरुजींकडं पाहिलं. एखादं गाव सांगून टाकलं असतं तरी चाललं असतं. पण गुरुजी म्हणाले, "पुस्तकातली."

"मग तिची माय बी पुस्तकातली," लिंबाजी शांतपणे म्हणाला. "हिच्या हातात तान्हं हाय न्हवं, गुर्जी, ते खरं हाय. त्याला कोण धरल?"

ठकूबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. आम्ही परत आलो.

पुस्तक गावाबाहेर न्यायचं नाही, हा गुरुजींचा कडक नियम. सकाळी ट्रकवर चढण्याआधी कमल अर्धवट राहिलेलं पुस्तक परत द्यायला आली, तेव्हा त्यांनी ते तिच्या गाठोड्यात खुपसलं. "संपवून आण," एवढंच म्हणाले.

पुढं बरेच दिवस आम्हाला धोंडूची काहीच खबर मिळाली नाही. गुरुजी चहा प्यायचे आणि वर्गावर जायचे. मग मार्गशीर्षात त्यांनी रजा टाकली. आयुष्यात कधी रजा न घेतलेला माणूस, आणि अर्जात कारण दिलं, "घरगुती काम". शिक्षकांच्या खोलीत त्यावर बरीच करमणूक झाली. ज्याला घर नाही त्याला कसलं घरगुती काम? गुरुजी परत आले, तेव्हा त्यांची कंबर धरली होती आणि सदऱ्यावर पिवळट डाग होते. कोणी विचारलं तर म्हणायचे, "एसटीचा प्रवास लय बेकार."

होळी झाल्यावर ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. हेडमास्तरांनी कमलची परीक्षा घेतली. ती चांगली पास झाली आणि जूनपासून आठवीला बोरीला जाणार असं ठरलं. लिंबाजी कसा काय राजी झाला, हे मला कळेना. दाखला न्यायला ठकूबाई बाळाला घेऊन शाळेत आली, तेव्हा मी तिला विचारलं.

"गुर्जी आलते की तिकडं, कारखान्यावर," ती म्हणाली. "आमच्या पाचटाच्या कोपीम्होरं बसून ऱ्हायले, बाई. आमी फडात, आन् हे बाळाला मांडीवर घिऊन. कमलला म्हणले, तू वाच, आता मी हाय. आमचं माणूस संध्याकाळी फडातून आलं, बघत उभं ऱ्हायलं. राती मला म्हणलं, येत्या साली पोरीला गावात माझ्या मायपशी ठिवू, बाळाचं आपुन बघू." तिला हसू आलं. "पर गुर्जींला लेकरू धरताच येईना. मानंखाली हात घालावा लागतो, ते बी मीच दावलं."

गुरुजी कपाटाशी पाठमोरे उभे होते. पुस्तकं सारखी करत होते, जी आधीच सारखी होती.

"गुर्जी, घ्या की," ठकूबाईनं बाळ त्यांच्यापुढं धरलं. "वळखतंय तुमाला."

बाळ आता चांगलं गुटगुटीत झालं होतं, मान ताठ धरून इकडंतिकडं बघत होतं. गुरुजींनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं, पायजम्याला हात पुसले, आणि आधी त्याच्या मानेखाली हात घातला.