दिवाणच्या पोटाखालचे ठिपके

देवणीच्या वाटेवर एक तालुक्याचं गाव लागतं. त्याचं नाव इथं दिलेलं नाही, कारण नाव दिलं की निवेदन येतं. या गावात मागच्या उन्हाळ्यात एका कार्टूनमधल्या बैलावरून कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला. प्रश्न आता मिटला आहे. तो कसा मिटला, ते सांगायचं आहे.

कार्टूनचं नाव ‘गूढगाडी’. वीस वर्षांपूर्वी ते रविवारी सकाळी टीव्हीवर लागायचं. एक मामा, दोन भाच्या आणि एका बैलाचा छकडा. छकडा गावोगाव फिरायचा आणि जाईल तिथली चोरी उघडकीला आणायचा. बैलाचं नाव दिवाण. अंग सगळं पांढरं, तोंड तेवढं काळं. देवणी जनावरात अशाला वानेरा म्हणतात. चित्रकारानं हे माहीत असून काढलं की चुकून, कुणाला ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून या भागानं दिवाणला आपला मानलं. मामाचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पुढं चॅनेल बुडालं आणि मालिका बंद पडली, तीही नेमकी अर्ध्यावर. एका जत्रेतून एकेक बैल नाहीसा होत होता आणि चोर कोण ते पुढच्या रविवारी कळणार होतं. तो रविवार आला नाही.

सरकी पेंडीचे व्यापारी गुरुपादप्पा आणि त्यांची बायको मल्लम्मा यांच्यात त्यावरून वाद पडला. गुरुपादप्पा म्हणाले, चोर जत्रेचा राखणदार. मल्लम्मा म्हणाली, चोर जनावरांचा डॉक्टर.

“त्याचं बघा की,” ती म्हणाली, “जनावर आलं की तोंडाकडं बघत न्हाई, आधी दावं हातात घेतो. डॉक्टर असा असतोय का?”

पैज लागली. हरेल त्यानं जन्मभर सकाळचा चहा करायचा. निकाल लागेपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून चहा मल्लम्माकडं राहिला. तात्पुरत्या व्यवस्थेचं जे होतं तेच झालं, ती वीस वर्षं चालली. मुलं शिकून बाहेर गेली, दुकानाला लोखंडी शटर आलं, वाद तेवढा होता तसा राहिला. मग एका पोळ्याच्या आधी मल्लम्मा गेली. निकाल लागला नव्हता.

म्हणून ‘गूढगाडी’ नव्या चॅनेलवर परत येणार आणि तीच अर्धी राहिलेली चोरी पहिल्यापासून दोन रविवारी दाखवणार, हे कळलं तेव्हा गुरुपादप्पांनी टीव्हीचं बंद पडलेलं रिचार्ज मारून घेतलं. त्यांना बाकी काही नको होतं. चोर कोण, एवढं कळायला हवं होतं.

गावाला मात्र बरंच काही हवं होतं. ‘गूढगाडी प्रेमी मंडळ’ स्थापन झालं. अध्यक्ष संगमेश्वर, बसस्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवणारा तरतरीत गडी. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि ग्रुपला नियम लागले. त्यातला मुख्य नियम असा की मत भाग चालू असतानाच द्यायचं. भाग संपल्यावर आलेलं मत मुदतबाह्य धरलं जाईल. नियम रास्त होता. सगळे भाग संपायची वाट बघत बसले असते, तर मतं द्यायची कधी?

रविवारी भाग लागला. जुनं गाणं बरं होतं, असं बऱ्याच जणांनी कळवलं; नवं गाणं अजून सुरू व्हायचं होतं. उदगीरच्या शाखेचं म्हणणं पडलं की मामा पुण्याचं बोलून राहिला. हदगावकडच्या चाहत्यांनी विचारलं की शेतात दर वेळी ऊसच का, कापूस आणि सोयाबीनवर हा अन्याय किती दिवस. एकानं लिहिलं, भाग फार रेंगाळतो. त्यानंच थोड्या वेळानं विचारलं, मधे काय झालं ते कुणी सांगेल का.

जाहिरातीनंतर दिवाण लंगडायला लागला. भाच्यांनी त्याला जत्रेतल्या डॉक्टरच्या तंबूत नेलं. डॉक्टरनं आधी दावं धरलं. थोड्या वेळानं बैल तंबूतून बाहेर आला, तेव्हा त्याच्या पोटाखाली काळे ठिपके होते.

हा वानेरा नव्हता. पोटाखाली ठिपके असलेल्या देवणीला बालंक्या म्हणतात. पुण्यामुंबईला हे कुणाच्या ध्यानात आलं नसतं. इथं ते पान लावत बसलेल्या माणसालाही आलं. ग्रुप पेटला. दिवाणचा रंग बिघडवला, देवणीची बदनामी केली, चित्रकाराला जनावर माहीत नाही, अशी मतं धडाधड पडली. भाग संपला त्याच्या आधी आंदोलनाची तारीख ठरली होती.

गुरुपादप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. ते बाजेवरून उठून उभे राहिले होते. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून ते हळूच म्हणाले, “जिंकलीस बहुतेक.” बहुतेक, कारण खरा निकाल पुढच्या रविवारी होता, आणि पैजेच्या बाबतीत मल्लम्माला ‘बहुतेक’ चालत नसे.

दुसऱ्या दिवशी संगमेश्वरच्या दुकानासमोर बैठक भरली. गुरुपादप्पाही दुकान बंद करून गेले. कुणाशी तरी बोलावं असं त्यांना बऱ्याच महिन्यांनी वाटलं होतं.

“शरणार्थ अप्पा, या,” संगमेश्वर म्हणाला. “तुम्हीच सांगा आता, काय करून ठेवलंय ह्या लोकांनी.”

“संगमेश्वरा, तो दिवाण न्हाईच. बैल बदललाय.”

“हाव अप्पा. हेच तर म्हणून राहिलो आम्ही.”

“तसं न्हाई रे. चुकून न्हाई बदलला. मुद्दाम बदललाय.”

संगमेश्वर लोकांकडं वळला. “ऐकलं का? अप्पा जुने प्रेक्षक हायती. ते म्हणून राहिले, मुद्दाम केलंय.”

चुकीबद्दल जे चिडले होते ते आता कारस्थानाबद्दल चिडले. गुरुपादप्पा सांगत राहिले की डॉक्टरनं बदलला, तंबूत बदलला, पुढच्या रविवारी सगळं उघडं पडेल. पण घोषणा सुरू झाल्या होत्या. शेजारच्या उमाबाईंनी पदर डोळ्याला लावला. “लई वाईट केलं बगा,” त्या म्हणाल्या. “मल्लम्माचा किती जीव होता त्या बैलावर.”

निवेदनावर गुरुपादप्पांनी सही केली नाही. ज्येष्ठ माणसाला सही मागणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांचं नाव फोन नंबरासकट सगळ्यात वर छापलं.

निवेदन तहसीलला गेलं, एक प्रत चॅनेलला गेली. अव्वल कारकून सटवाजी यांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं. कार्टूनचं टेबल तहसीलला नव्हतं. पण निवेदनात बैल होता, आणि बैल म्हटल्यावर पशुसंवर्धन. तिथले साहेब संगमेश्वरच्या दुकानात आले, कॉम्प्युटरवर भाग थांबवून जनावराची पाहणी केली आणि पंचनामा लिहिला: ‘सदर बैल हा मूळ बैल नसून अन्य बैल आहे. सदर बैलाच्या कानात बिल्ला आढळून आला नाही. मूळ बैलाचा ठावठिकाणा समजून येत नाही.’

गुरुपादप्पांना हायसं वाटलं. निदान सरकारला तरी कळलं होतं. ते तहसीलला गेले आणि सटवाजींना विचारलं, “मग मूळ बैल कुणी नेला, ते शोधायचं न्हाई का?”

“अप्पा, शोधायचं असतं तर अहवाल कशाला मागवला असता?” सटवाजी समजुतीनं म्हणाले आणि त्यांनी अहवाल वर पाठवून दिला.

पुढच्या पायऱ्या आपोआप पडत गेल्या. उदगीर रस्त्यावर रास्ता रोको झाला. अडकलेल्या एसटीतले प्रवासी खाली उतरले आणि त्यांनीही मतं मांडली. ज्यानं मालिका कधीच बघितली नव्हती तो सगळ्यात जास्त बोलला, कारण त्याच्या मनात आधीचं काही नव्हतं. लातूरला पाठिंबा मिळाला. नांदेडला पाठिंब्याला पाठिंबा मिळाला. हदगावकरांनी कापसाची मागणी लावून धरली.

शनिवारी चॅनेल नमलं. चाहत्यांच्या भावनांचा आदर राखून ठिपके पुसण्यात आले आहेत, असं त्यांनी जाहीर केलं. रविवारी पहिलाच भाग दुरुस्त करून दाखवला. दिवाण तंबूत पांढरा गेला आणि पांढराच बाहेर आला. डॉक्टरनं दावं धरलं ते उगीच धरल्यासारखं दिसलं. बैल बदलला नाही म्हणजे चोरी झाली नाही, आणि चोरी झाली नाही म्हणजे दुसऱ्या भागाला काही कारण उरलं नाही. त्याच्या जागी चाहत्यांच्या विजयी मिरवणुकीचा कार्यक्रम दाखवणार, असं खाली पट्टीवर येत होतं. गुरुपादप्पा ती पट्टी संपेपर्यंत बसून राहिले. मग उठून त्यांनी टीव्ही बंद केला.

मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला. पहिला आवाज त्यांनी उठवला होता, असं सगळ्यांना आठवत होतं. शाल झाली, फेटा झाला, संगमेश्वरनं दोन शब्द बोलायची विनंती केली. गुरुपादप्पांनी माइक हातात घेतला.

“दिवाण चोरीला गेला होता,” ते म्हणाले. “तपास लागत आला होता. ठिपके म्हणजे चोराचा माग होता. तो आपण पुसायला लावला. आता दिवाण कधीच सापडायचा न्हाई.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. संध्याकाळपर्यंत ‘अप्पांचा कडक इशारा’ या नावानं व्हिडिओ ग्रुपवर फिरत होता. खाली अंगठ्यांची रांग लागली होती. व्हिडिओच्या पहिल्या वाक्यातच बहुतेकांचं समाधान झालेलं दिसत होतं.

त्यानंतर चार-आठ दिवसांनी सकाळीच फोन आला. बोलणारी बाई म्हणाली, मी दीपमाला, ‘गूढगाडी’ची गोष्ट मी लिहिते, निवेदनावर सगळ्यात वर तुमचा नंबर होता. तिचा आवाज भांडणाचा नव्हता, थकल्यासारखा होता. तिनं सांगितलं की पोत्यानं पत्रं आली. रंगाबद्दल आली, गाण्याबद्दल आली, उसाबद्दल आली. “काका, चोर कोण, हे एकानंही विचारलं नाही.”

“मी विचारतोय की,” गुरुपादप्पा म्हणाले.

मग तिनं सांगितलं.

गुरुपादप्पांनी मान हलवली. ती फोनवर दिसत नाही हे ध्यानात आल्यावर ते म्हणाले, “डॉक्टर आधी दावं धरतो, ते तुम्ही मुद्दाम दाखवता ना?”

“हो. पहिल्या मालिकेपासून. तुमच्या लक्षात आलं?”

“माझ्या न्हाई. घरच्यांच्या.”

“मग त्यांना सांगा, बरोबर ओळखलं म्हणून.”

“सांगतो,” गुरुपादप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं. मल्लम्मा गेल्यापासून सकाळचा चहा तेच करत होते, पण तो तात्पुरती व्यवस्था म्हणून. आजपासून तो रीतसर त्यांच्याकडं आला.

दिवाणला कुणी नेलं, हे आज दोन माणसांना ठाऊक आहे. मल्लम्माला आधीपासूनच होतं. आणि जो वाचक इथपर्यंत नीट आला, त्यालाही आता कळलं आहे. काही वाचक मात्र मधूनच मागं वळले असतील, वानेऱ्याचं तोंड काळं की पोट, आणि लिहिणाऱ्यानं कुठं चूक तर केली नाही ना, ते बघायला. त्यांनी जरूर बघावं. तहसीलची आवक खिडकी पाचपर्यंत उघडी असते. गोष्ट पुरी वाचल्याचा दाखला जोडावा लागत नाही.