बिनदाराच्या घरातला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर तयार घ्यायचा की सुटे भाग आणून घरी जुळवायचा, याची चर्चा गोरक्षनाथाच्या ओसरीवर कितीतरी दिवस चालली होती. आणि घराला दार नसल्यामुळे त्या चर्चेत कोणीही शिरत होतं. शनिशिंगणापुरातल्या त्याच्या घराला चौकट होती, उंबरा होता, तोरण होतं, रात्री कुत्रं येऊ नये म्हणून टेकवायची फळी होती. दार तेवढं नव्हतं. देव राखण करतो तिथं कडीकोयंड्याचं काय काम, ही गावाची पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा. देवळाच्या रस्त्यावर गोरक्षनाथाचं पूजेच्या ताटांचं दुकान होतं. तेल, रुईच्या पानांची माळ, काळं कापड, घोड्याची नाल असं सगळं ताटात आणि ताटाबरोबर गावाची गोष्ट फुकट.

"सोनं उंबऱ्यावर ठिवा, सकाळी तिथंच घावंल," तो म्हणे. ऐकणारा भाविक हात जोडी आणि तेल जरा जास्तच घेई.

अशाच एका भरल्या दुकानात त्याने लेकीला शब्द देऊन ठेवला होता. "पहिल्या वर्गात ये रेश्मा, तू म्हणशील तो कॉम्प्युटर." रेश्मा सोनईच्या कॉलेजात कॉम्प्युटरच शिकत होती. ती पहिल्या वर्गात आली आणि म्हणाली, गेमिंगचा पाहिजे. खेळायला तर हवाच होता, पण पुढं खेळ बनवायलाही शिकायचं होतं. भाविकांसमोर दिलेला शब्द. फिरवायची सोय नव्हती.

"पप्पा, जुळवलेलाच बरा," रेश्मा म्हणाली. "पाहिजे तो पार्ट निवडता येतो. तयार घेतला की वरनं झगमग, आणि आत काय कोंबलंय ते त्यांनाच माहिती."

"पोरी, मी उसाच्या रसाचं मशीन जुळवून घेतलं हुतं," शेजारचा हनुमंत म्हणाला. देवळाच्या रस्त्यावर त्याची रसवंती होती. "आज पट्टा जातोय, उद्या बेरिंग. पट्टेवाला बेरिंगवाल्याकडं बोट दावतोय आन् बेरिंगवाला पट्टेवाल्याकडं. तयार घे. बिघडलं तर एकालाच शिव्या देता येत्यात."

गोरक्षनाथाला ते पटलं. तयारच घ्यायचा असं त्याने ठरवूनही टाकलं असतं, पण तेवढ्यात गावातले वडीलधारे आप्पासाहेब चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "आमच्या साडूच्या पोरानं तयार आणलाय. हे एवढं काळं खोकं, एका बाजूनं काच, आत लाल-निळं दिवं. पार रस्त्यावरनं दिसतं."

पार रस्त्यावरनं दिसतं. हे शब्द चहाबरोबर गोरक्षनाथाच्या पोटात उतरले. त्या रात्री तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. मनात जो विचार आला होता त्याला त्याने नावसुद्धा दिलं नाही. नाव दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुकान कोणत्या तोंडानं लावायचं? एवढंच त्याच्या ध्यानात आलं, की एक खोकं एका माणसाच्या काखेत मावतं. तेच सुटं आणलं, तर सुटं ठेवता येईल. थोडं इकडं, थोडं तिकडं.

सकाळी तो म्हणाला, "जुळवायचा."

"का वो? काल तर तयार म्हणत हुता," त्याची बायको केशरबाई म्हणाली.

"पोरीच्या शिक्षणाचा भाग हाय. जुळवता जुळवता शिकंल."

रेश्माने बापाकडे अशा मायेनं पाहिलं, की गोरक्षनाथाला नजर तेलाच्या डब्याकडे वळवावी लागली.

मग भाग यायला लागले. पहिल्याच दिवशी कुरिअरवाला दुकानावरून जाता जाता म्हणाला, "काका, घरी कोणी नव्हतं. बॉक्स आत ठेवून आलो. तुमच्याकडं हे बरंय, दार वाजवायची भानगड नाही." गोरक्षनाथ त्या वेळी नाशिकच्या एका कुटुंबाला उंबऱ्यावरच्या सोन्याची गोष्ट सांगत होता. सोनं उंबऱ्यावर ठेवून झालं होतं, सकाळ व्हायची बाकी होती. पण तो तसाच उठून घराकडे पळत सुटला. ते कुटुंब सकाळ होण्याची वाट पाहत ताट धरून बराच वेळ उभं राहिलं.

खोकं होतं तिथंच होतं. मांजर त्यावर बसून राखण करत होतं.

त्या दिवसापासून तो भाग येईल तसा लपवू लागला. ग्राफिक्स कार्ड बाजरीच्या कोठीत गेलं. मदरबोर्ड गोधड्यांच्या चळतीत, मधोमध. मेमरीच्या पट्ट्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. सगळ्यात महाग आणि सगळ्यात लहान तो प्रोसेसर. काडेपेटीएवढ्या डबीतला कॉम्प्युटरचा मेंदू. तो देवघरात देवामागे बसला.

"पप्पा, रॅम कुठंय?"

"ठिवलीय."

"कुठं?"

"जागेवर."

इकडे आयाबाया येता-जाता आत डोकावत. "आज काय आलं गं केशर?" केशरबाई भाकरी थापता थापता हसे आणि पुन्हा आपल्या नादात गुणगुणू लागे. तिच्या ओठांवर वर्षानुवर्षं एकच ओवी होती. गोरक्षनाथाने ती इतक्यांदा ऐकली होती, की आता ऐकूच येत नसे.

*घर बिनदाराचं माझं, वारा शिरतो न पुसता,*
*माझा जीव ठेविला जिथं, तिथं जाईना गं रस्ता.*

शेवटी एकच गोष्ट यायची राहिली. "आता कॅबिनेट आलं ना पप्पा, की सगळं त्यात बसवते," रेश्मा आनंदाने म्हणाली. "मग झालं एकच बॉक्स."

"एकच?"

"मग? सुटे पार्ट काय असेच खेळणार आहेत?"

जुळवल्यावर त्याचं पुन्हा एकच खोकं होणार, ही गोष्ट इतक्या दिवसांत गोरक्षनाथाच्या ध्यानातच आली नव्हती. तो मटकन ओसरीच्या कडेला बसला.

कॅबिनेट नेमकं शनिवारी आलं. "आज न्हाई घ्यायचं," त्याने फोनवर कुरिअरवाल्याला बजावलं. "लोखंड हाय. शनिवारी लोखंड घरात आणत न्हाईत."

"पप्पा, तुम्ही शनिवारी दिवसभर लोखंडी नाला विकता."

"इकायला चालतं. आणायला न्हाई."

पण शनिवारामागून रविवार येतो, त्याला इलाज नसतो. म्हणून शनिवारी संध्याकाळी त्याने देवामागची डबी काढली आणि दुकानात नेऊन काळ्या कापडाच्या गठ्ठ्यात खोल खुपसली. मेंदूच नसला तर खोकं जुळणार कसं? काही दिवस शोधाशोध करू, तोवर काहीतरी सुचेल, असा त्याचा हिशोब होता.

रविवारी रेश्मा आंघोळ करून, जमिनीवर चादर पसरून बसली. कार्डाच्या पंख्यातून बाजरी सांडली. मेमरीच्या पट्ट्यांना कैरीचा वास येत होता. आणि प्रोसेसर नव्हता. गोरक्षनाथाने कपाळाला हात लावला, माळा धुंडाळला, देवाला साकडं घातलं. सगळं कसं हुबेहूब. मग सहज म्हणून दुकानात जाऊन त्याने गठ्ठ्यात हात घातला. हात रिकामा आला. त्याने सगळी कापडं उलगडली, झटकली. डबी नव्हती. घरी परतला तेव्हा कपाळावरचा हात खरा होता.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. तिला तरी कुठं दार उघडावं लागत होतं. ओसरी भरली.

"हे बघ गोरखा," आप्पासाहेब म्हणाले, "चोरी हा शब्द तोंडातनं काढायचा न्हाई. भाविकांच्या कानावर गेला तर तुझ्याच दुकानाला बाधंल."

"मग काय म्हणू?"

"कुठं ठिवलं ते ध्यानात न्हाई, असं म्हण."

"ध्यानात हाय की. जागा हाय, वस्तू न्हाई."

"आसं शब्दाला शब्द लावू नको."

कोपऱ्यात रेश्मा त्या उघड्या मदरबोर्डवर सांडलेली बाजरी एकेक दाणा वेचत बसली होती. ती रडत नव्हती, कुणाला बोलही लावत नव्हती. गोरक्षनाथाला तिच्याकडे बघवेना.

या गावात चोरी करणाऱ्याचे डोळे जातात, असं जुनी माणसं सांगत. ही गोष्टही गोरक्षनाथ ताटाबरोबर फुकट देत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी हनुमंत काळा चष्मा लावून रसवंतीवर उभा होता.

"काय झालं रे डोळ्यास्नी?"

"काय म्हाईत. लाल झाल्यात, पाणी येतंय."

गोरक्षनाथाने रसाचा ग्लास तसाच खाली ठेवला. लहानपणापासूनचा सोबती. चुलतभावासारखा. दिवसभर तो दुकानातून त्या काळ्या चष्म्याकडे पाहत राहिला. भाविकांना डोळ्यांची गोष्ट सांगताना त्याचा आवाज आपोआप चढत होता आणि तोंड रसवंतीकडे वळत होतं.

"गोरखभाऊ, आसं टक लावून बघू नगा," संध्याकाळी हनुमंत म्हणाला. "तुमालाबी हुईल."

ही धमकीच समजून गोरक्षनाथ झोपला. सकाळी डोळे उघडेनात. पाण्याचा हात फिरवून कसेबसे उघडले आणि आरशात पाहिलं, तर दोन्ही डोळे जास्वंदीसारखे लाल. देवामागची वस्तू देवाला न विचारता काढली कुणी? पोटच्या पोरीपासून लपवली कुणी?

तो कबूल करायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या चौकटीत केशरबाई येऊन उभी राहिली. तिचे डोळे त्याच्यापेक्षा लाल होते. पदराने ते पुसत ती देवघराकडे तोंड करून म्हणाली, "मीच नेली."

"काय?"

"ती डबी. शनिवारी तुमी जेवाय गेल्यावं दुकानात बसले हुते, तवा गठ्ठ्यात हाताला लागली. म्हनलं, कुना गिऱ्हाइकाला कापडाबरुबर गेली म्हंजे? रविवारीच सांगनार हुते, पर गावच गोळा झालं. काल घोडेगावला नेऊन ठिवलीय, सत्यशीलाच्या कपाटात."

"घोडेगावला? बहिणीकडं? का?"

"तिच्या घराला दार हाय."

गोरक्षनाथाने नकळत आपल्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं.

"आन् मी म्हनते, तुमी ती कापडात कशाला खुपसली हुती?" तिने हळूच विचारलं.

"डोळ्यांची साथ आलीय," रेश्मा मधेच म्हणाली. "कॉलेजात निम्मा वर्ग चष्मे लावून बसतो. ड्रॉप टाका दोघंही." मग ती आईकडे आणि बापाकडे आळीपाळीने पाहत राहिली, आणि तिला असं हसू फुटलं की गोधडीत तोंड खुपसावं लागलं.

घोडेगावला सत्यशीलाने कमरेची चावी काढून कपाट उघडलं. "दाजी, अक्काचं सगळं वरच्या कप्प्यात हाय बगा." वरच्या कप्प्यात प्रोसेसरची डबी होती. तिच्या शेजारी केशरबाईच्या पाटल्या होत्या आणि मोहनमाळ होती. 'उजळायला दिलीय' असं ती लग्नानंतर काही दिवसांनी म्हणाली होती, ती. गोरक्षनाथाला एकदम ती ओवी ऐकू आली, जणू आयुष्यात पहिल्यांदा. रस्ता जात नव्हता असं नाही. घोडेगावची जीप जात होती.

खालच्या कप्प्यात उपरण्यात बांधलेलं एक भलं मोठं गाठोडं होतं.

"हे कुणाचं गं?"

"आप्पासाहेबांचं," सत्यशीला म्हणाली. "अक्कानंच वळख करून दिली. सोता येऊन ठिवून जात्यात बिचारे. कुनाला बोलू नका."

कॉम्प्युटर घोडेगावलाच जुळवायचं ठरलं. सत्यशीलाच्या मागच्या खोलीत रेश्माने एकेक भाग मांडला, बसवला, आणि बटण दाबलं. लाल-निळे दिवे लागले. तिच्या तोंडावर जो उजेड पडला तो पाहून गोरक्षनाथाला वाटलं, दिला शब्द खरा झाला. जरा परगावी झाला, एवढंच. "पप्पा, मावशीकडं रेंजपण चांगलीय," रेश्मा म्हणाली. ते वाक्य त्याने तिथल्या तिथं पाठ करून ठेवलं. कुणी विचारलं तर सांगायला कारण लागणारच होतं.

निघताना सत्यशीलाने खोलीला कुलूप लावलं. "दाजी, एक चावी तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

गोरक्षनाथाच्या उभ्या आयुष्यातली ती पहिली चावी. ती कुठं ठेवतात हेही त्याला माहीत नव्हतं. बाजरीची कोठी आठवली, गोधड्या आठवल्या, देवघर आठवलं. त्यातली एकही जागा आता भरवशाची वाटेना. शेवटी त्याने ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी येताना त्याने हनुमंताकडे मुकाट्याने दोन ग्लास रस प्यायला आणि दुकान लावलं. शेजारच्या बाकड्यावर आप्पासाहेब काळा चष्मा लावून बसले होते. साथ त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

"काका, खरंच इथं घरांना दारं नाहीत?" एका बाईने ताट घेता घेता विचारलं.

"न्हाईत. कडी न्हाई, कुलूप न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला. "सोनं उंबऱ्यावर ठिवा, सकाळी तिथंच घावंल." आणि सवयीने त्याने देवळाकडे हात उंचावला. खिशात सुट्ट्या पैशांवर चावी खणकन वाजली.

बाईने डोळे मिटून हात जोडले आणि तेल जरा जास्तच घेतलं. ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत आप्पासाहेब देवळाकडेच पाहत होते. मग मान न वळवता, हलक्या आवाजात म्हणाले,

"खिशात ठिवू नको, गोरखा. वाजती. करदोड्याला बांध."