झेंडूतला थंड देव

"पुंजा, दसऱ्याचा झेंडू आपल्याच खांद्यावरून गाडीत चढला पाहिजे बघ." बाप जाऊन वर्षं लोटली, पण क्रेटला हात घातला की पुंजारामला हे बोलणं अजून ऐकू येई. आता तर त्याच्या कंबरेतल्या मणक्याची गादी सरकलेली. घरात कळलं तर बायको, नवसाबाई, मखमलाबादचं हे शेत सरळ दुसऱ्याला वाट्यानं देऊन टाकील, या धास्तीनं त्यानं तोंड शिवून घेतलं होतं.

गंगापूर रोडच्या दवाखान्यातल्या योगिनी मॅडमनी त्याला एक चिनी व्यायाम शिकवला होता. गुडघे जरासे वाकवायचे, डोळे मिटायचे, आणि ढग बाजूला सारावेत तसे हात संथ फिरवायचे. "झटका नको, काका. घाईनं सरळ झालात तर कळ येईल." घरच्यांची नजर चुकवून पुंजाराम पहाटेच्या दहिवरात, झेंडूच्या सरीत ढग सारीत राही.

दसरा तोंडावर आला, आणि एका पहाटे त्याच्या पायांवर कुणीतरी डोकं टेकलं.

"देवा, माझी शेळी कुठं गेली सांग," शेजारच्या मळ्यातली कुसाबाई म्हणाली.

एकदम वळावं तर कंबर धरणार, खरं सांगावं तर ही गावभर करणार. पुंजारामनं डोळे घट्ट मिटले. हवेतले हात आपल्या चालीनं डावीकडे गेले. शेळीही तिकडेच सापडली, सोमाच्या कोबीत.

पुंजाराम सावकाश, सावकाश सरळ होईपर्यंत बांधावर निम्मी वस्ती जमली. नारळ, हळद, उदबत्त्या. घाबरून तो पुन्हा ढग सारू लागला.

"अंगात आलंय म्हणता, मग घुमत कसा नाय?" सोमानं विचारलं.

"थंड देव हाय," कुसाबाई फणकारली. "तुझा कोबी गेला म्हून जळू नको."

तेवढ्यात ओळखीच्या बांगड्या वाजल्या. नवसाबाईनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

"देवा, क्रेटं भरायची म्हटलं की माझ्या मालकाचं तोंड का रं उतरतं?"

पुंजारामला वाट सापडली. त्यानं घोगरा आवाज काढला, "बाई, त्याच्या कंबरेची गादी सरकलीय. त्याला ओझं देऊ नको. आणि शेत वाट्यानं देऊ नको."

नवसाबाईनं पदरानं त्याचा घाम टिपला.

"देवाचं बोलून झालं," ती हळूच म्हणाली. "आता डोळे उघडा, आन तुमच्या तोंडानं सांगा."

हात खाली आले. डोळे उघडले.

"नवसे, मला क्रेट उचलवत नाय गं. उन्हाळ्यापासनं नाय उचलवत."