नीराबाईचा डोह आणि फिरती ढाल

एका जंगलात, बाळगोपाळहो, झाडे विरळ होत चालली होती. पण सिंहमहाराजांची कचेरी मात्र दिवसेंदिवस दाट होत होती. तिथे हुकूम निघत. हुकुमांच्या प्रती निघत. प्रती मिळाल्याच्या पोचपावत्यांच्याही प्रती निघत. हे सारे छपाईयंत्रे करीत. प्रत्येक यंत्राच्या पोटात काळ्या भुकटीचा एक डबा असे. त्याला कार्ट्रिज म्हणत. भुकटी संपली की कार्ट्रिज खिडकीबाहेर जाई. खिडकीखाली ओढा होता.

त्या ओढ्याच्या डोहात नीराबाई पाणमांजर आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. ती कचेरीच्या आवक-जावक विभागात कामाला होती आणि डोह हे तिचे सरकारी निवासस्थान होते. पिल्ले नुकतीच पोहायला शिकत होती. एके संध्याकाळी ती पाण्याबाहेर आली, तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या झाल्या होत्या. धाकटे खोकत होते.

"आई, खाली काहीच दिसत नाही गं," थोरले म्हणाले. "मासेपण नाहीत."

नीराबाईने सूर मारला. तळाशी कार्ट्रिजचा खच पडला होता.

दुसऱ्या दिवशी ती मुख्य अधिकारी सायाळसाहेबांपुढे उभी राहिली. "साहेब, खिडकीतून कार्ट्रिज टाकणं थांबवा. माझी लेकरं त्या पाण्यात राहतात हो."

"तक्रार करू नका, नीराबाई. सूचना करा," सायाळसाहेब म्हणाले. "महाराजांना सूचना फार आवडतात."

महाराजांना सूचना खरोखरच आवडली. लगेच 'पुनर्वापर पंधरवडा' जाहीर झाला. दारात हिरवी पेटी आली. नारळ फुटला, फीत कापली गेली. रिकामी कार्ट्रिज पेटीत टाकायची, ठेकेदार तरसशेठने ती न्यायची, भरायची आणि परत आणायची, असे ठरले. जो विभाग पेटीत सर्वांत जास्त भर घालील, त्याला महाराजांच्या हस्ते फिरती ढाल मिळणार होती.

नीराबाईला हायसे वाटले. चांगल्या कामाला ढाल लागली की त्या कामाचे काय होते, हे तिला बिचारीला ठाऊक नव्हते.

प्रसिद्धी विभागाच्या माकडरावांना ते चांगले ठाऊक होते. त्यांनी 'कागद वाचवा' अशी पत्रके झाडाझाडावर लावली. पत्रकाची पार्श्वभूमी काळीभोर आणि अक्षरे पांढरी.

"उलट का नाही छापलं?" नीराबाईने विचारले.

"अहो ताई, उलट छापलं तर भुकटी संपायची कधी?" माकडराव म्हणाले. "तुम्हाला ढाल नको असेल. आम्हाला हवी आहे."

नीराबाईची रीत निराळी होती. यंत्रावर 'भुकटी कमी' असा लाल दिवा लागला, की ती कार्ट्रिज बाहेर काढी, दोन्ही पंजांत आडवे धरी आणि तान्ह्याला जोजवावे तसे हलकेच हलवी. कोपऱ्यात दडलेली भुकटी पसरे आणि यंत्र पुन्हा चालू लागे. त्यामुळे तिच्या विभागाचे एकही कार्ट्रिज पेटीत पडले नाही.

सायाळसाहेबांनी तिला बोलावले. त्यांचे काटे निम्मे उभे होते. अधिकाऱ्याची नाराजी मोजण्याचे याहून खात्रीचे साधन त्या जंगलात नव्हते.

"तुमचा विभाग मागे का, नीराबाई?"

"आमचं कार्ट्रिज संपलं नाही, साहेब."

"संपलं नाही, की संपू दिलं नाही?"

"हलवलं की चालतं, साहेब. तेच पुन्हा पुन्हा वापरते मी."

"तो झाला वापर," सायाळसाहेब गंभीरपणे म्हणाले. "पुनर्वापर पेटीतून होतो. पेटीत भर घाला. नाहीतर निवासस्थानाचा फेरविचार करावा लागेल."

उरलेले काटेही उभे राहिले. नीराबाई घरी निघाली.

डोह पूर्वीपेक्षा काळा झाला होता. काठावर तरसशेठ पोते उपडे करीत होता.

"अरे शेठ, हे काय चालवलंयस?"

"पेटी रिकामी करतोय, बाई."

"भरून परत आणायची होती ना?"

"भरून आणली, तर पेटीत रिकामी कुठून पडणार?" तरसशेठ हसला. त्याला हसायला कारण लागत नसे, पण या वेळी होते. "पूर्वी खिडकीतून कशीही पडायची. आता पोत्यातून शिस्तीत येतात. याला सुधारणा म्हणतात!"

नीराबाईने पदर खोचला आणि डोहात उडी घेतली. पोरांचे पाणी मोकळे होईल आणि पेटीतही भर पडेल, असा तिचा हिशोब होता. ती कार्ट्रिज वर काढी आणि पेटीत नेऊन टाकी. तरसशेठ पेटीतून उचले आणि डोहात ओती. एका कार्ट्रिजवर धाकट्याच्या दातांची खूण होती. ते तिच्या हाती आले, पेटीत गेले, पुन्हा हाती आले, पुन्हा पेटीत गेले. पाणी काही निवळले नाही. आकडा मात्र वाढत गेला.

पंधरवडा संपला. ढाल आवक-जावक विभागाला मिळाली. माकडरावांनी दात विचकून टाळ्या वाजवल्या.

ढाल हाती घेण्याआधी नीराबाईने धीर एकवटला. "महाराज, ही सगळी कार्ट्रिज माझ्या डोहातली आहेत. तीच ती. मी पेटीत टाकते, शेठ डोहात टाकतो. माझी लेकरं खोकून बेजार झालीत, महाराज!"

सायाळसाहेबांचे काटे ताठ झाले. तरसशेठ आभाळाकडे पाहू लागला. महाराजांनी आयाळीतून पंजा फिरवला.

"म्हणजे त्याच कार्ट्रिजवर आकडा वाढत राहतो?"

"हो महाराज, पण..."

"सायाळ! अरे, पुनर्वापर म्हणतात तो हाच!" महाराज गरजले. "मग मध्ये पेटी हवी कशाला? सरळ डोहातच टाका."

टाळ्यांचा कडकडाट झाला. खिडकी पुन्हा उघडली. डोहाकाठी पाटी लागली: 'आदर्श पुनर्वापर केंद्र. पोहण्यास सक्त मनाई.'

नीराबाईने एका काखेत ढाल घेतली, दुसऱ्या काखेत धाकटे, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला निघाली. थोरले मागून चालत होते. वर उगमापाशी नितळ पाण्याची एक बारीकशी धार होती. पाणमांजराचे शेपूट बुडेल इतकेही पाणी तिथे साचत नव्हते.

"आई, ढालीचं काय करतात गं?" थोरल्याने विचारले.

नीराबाईने ढाल उताणी करून धारेखाली धरली. ढाल भरली. मग तिने पिल्लांना आळीपाळीने तिच्यात पोहायला सोडले.

पण ढाल फिरती होती. पुढच्या वर्षी ती परत करायची होती.

तात्पर्य: मुलांनो, कोणतीही वस्तू पुरवून वापरू नये. पुरवून वापरणाऱ्याजवळ दाखवण्यापुरताही कचरा उरत नाही. आणि ज्याच्याजवळ कचराच नाही, त्याला स्वच्छतेची कळकळ आहे यावर कोणी विश्वास का ठेवावा?