शांतवनमामा आणि पिंकीची कांडी

कुत्र्याला द्यायची कुठलीही वस्तू आमचे शेजारी शांतवनमामा आधी स्वतः चावून बघत. तीही कवळीनं. "मुकं जनावर हाय, मास्तर. अडकलं तर सांगनार कुनाला?" असं म्हणत.

मी तेव्हा मिरजगावच्या शाळेत शिक्षक होतो. गावात नुकताच एसटीडी बूथ आला होता. मामा जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते आणि निवृत्तीनंतर एकटेच राहत. त्यांच्या अंगणात एक गावठी कुत्रा होता. त्याचं नाव सर्कल, महसूल खात्यातल्या सर्कलसाहेबांवरून. "दिवसभर गावात फिरतो, काम काय बी करत न्हाई," एवढंच त्या नावाचं स्पष्टीकरण.

आमच्याकडे पिंकी होती, पांढरी पॉमेरेनियन. तिच्या तोंडाला वास यायचा. म्हणून माझी मेहुणी मुंबईहून तिच्यासाठी एक पाकीट घेऊन आली. चावता चावता कुत्र्याचे दात साफ होतात म्हणे. आत मऊसर हिरव्या कांड्या आणि चामड्याची पांढरी, गाठ मारलेली हाडं होती.

मामांनी पाकीट उलटंपालटं केलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "पचतं का?"

"परदेशी आहे, मामा."

"पोट तर हितलंच हाय न्हवं?"

त्यांनी हिरव्या कांडीवर अंगठ्याचं नख दाबलं. रुतलं. पांढऱ्या हाडावर दाबलं, तर नखच वाकलं. मग हाड कवळीखाली गेलं आणि कवळीचा एक टवका उडाला. मामांना त्याचा आनंदच झाला. "बघा! माझा दात गेला. तिचा वाचला."

एवढ्यावर थांबले असते तर मामा कसले! त्यांनी आमच्याच स्वयंपाकघरातून दोन पेले मागून घेतले, पाण्यात लिंबू पिळलं आणि एकेकात एकेक नमुना सोडला. "पोटात आंबट असतंय, म्हनून लिंबू." पेले आमच्या खिडकीत ठेवले. माझी बायको शालिनी दोन दिवस त्या पेल्यांकडे पाठ करून पोळ्या लाटत होती. तिसऱ्या दिवशी हिरवी कांडी विरघळून गाळ झाली होती. पांढरं हाड मात्र फुगून दुप्पट झालं होतं आणि ओढलं तरी तुटत नव्हतं.

"हिरवी पास," मामांनी निकाल दिला. "पन समोर बसून द्यायची, आनि शेवटचा तुकडा काढून घ्यायचा. पांढरं नापास. फेकून द्या."

मी हसलो. मेहुणीनं प्रेमानं आणलेलं, फेकायचं कसं? रविवारी दुपारी मी पिंकीला एक पांढरं हाड दिलं आणि पेपर वाचत बसलो.

थोड्या वेळानं घुसमटल्यासारखा आवाज आला. पिंकी पुढच्या पायांनी तोंड ओरबाडत होती. जीभ निळी पडत चालली होती. मी नुसताच "पिंकी, पिंकी" करत राहिलो. शालिनीनं कुंपणावरून हाक मारली. मामा नुकतेच चर्चमधून आले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. ते तसेच धावत आले.

"मास्तर, जबडा धरा. हलू देऊ नका."

त्यांनी दोन बोटं थेट घशात घातली. पिंकीनं चावा घेतला, सदऱ्याच्या बाहीवर रक्त आलं, पण हात मागे आला नाही. आला तेव्हा चिमटीत फुगलेला, बुळबुळीत तुकडा होता. पिंकी खोकली, ओकली आणि माझ्या मांडीत शिरली.

मामा जमिनीवर बसले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण ते तो तुकडा बोटांनी चेपून बघत राहिले. शालिनीनं हळद आणली, तेव्हा ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या मंडळीला, राहेलला, लकवा झाला हुता, ताई. घास गिळता येत न्हवता. दोन वर्सं हर घास मी आधी माझ्या जिभेवर घेऊन बघायचो. मऊ झाला का, गाठ ऱ्हाइली का. मगच तिला. एकदाबी अडकू दिला न्हाई." हात तिच्यापुढे करत ते म्हणाले, "ती गेल्यापास्नं जेवायचं ध्यानातच ऱ्हात न्हाई."

शालिनी जखम बांधता बांधता म्हणाली, "मामा, उद्यापासून दुपारी आमच्याकडे जेवायचं."

"छे, छे. जेवायला कशाला?" मामा उठले. "पर हिचा घसा बघाया यावं लागंल. चार-आठ दिवस तरी."

दुसऱ्या दिवशी बरोबर बारा वाजता ते आले. पिंकीच्या घशात डोकावले की नाही, मला आठवत नाही. वांग्याची भाजी तिखट झाली आहे असं मात्र म्हणाले, आणि पुन्हा वाढून घेतली.