अडुसष्ट पूर्णांक चार टक्के

पंपाची कार्यक्षमता एकेचाळीस टक्के आली आणि दशांशच्या जर्नलवरची सरांची सही अडकली. मेकॅनिकलच्या वर्गाने तिला हे नाव ठेवलं होतं, कारण ती चहा उकळायची वेळही सेकंदाच्या दशांशापर्यंत सांगायची.

"चुकलंय," सरांनी जर्नल परत सरकवलं. "अडुसष्ट पूर्णांक चार यायला हवं. दरवर्षी सगळ्यांचं तेवढंच येतं."

"सर, पण सगळ्यांनी पंप चालू तरी केला होता का?"

"तुला काय करायच्यात नसत्या चौकशा? आकडा जुळेपर्यंत सही नाही. सही नाही तर परीक्षा नाही."

परीक्षा चार दिवसांवर होती. ती हुकली की हाताशी आलेली नोकरीही गेली. मैत्रिणीने आपलं जर्नल पुढे केलं. "उतरव गं! पंप काय तुझ्या लग्नाला येणारे?"

खोटं लिहायचं तर दशांशच्या जिवावर येई. मग सरांचा आकडा खरोखर येईपर्यंत पंपच सुधारायचा, असं तिने ठरवलं. पंप खोलला, तर आत फडकं.

"अरेच्चा, इथे होतं होय!" लॅबमधले काका खूश झाले. "दोन वर्षं शोधतोय."

फडकं निघालं आणि कार्यक्षमता बहात्तरवर गेली.

"आता जास्त झालं," सर म्हणाले.

पुढचे तीन दिवस ती व्हॉल्व्ह केसाकेसाने फिरवत राहिली. अखेर आकडा जुळला, तिने व्हॉल्व्हवर नेलपॉलिशने खूण केली आणि सही मिळवली.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. चाळीस जर्नलं चाळता चाळता त्यांचा पारा चढला. "सगळे नापास! हा आकडा चोरलेला आहे."

"मी मोजलाय, सर."

"मला शिकवतेस? अगं, हा आकडा मीच मनाने ठोकून दिलाय! बावीस वर्षांपूर्वी, याच पंपाचा, इथल्या कॅन्टीनमध्ये बसून!"

सर एकदम खिडकीबाहेर बघू लागले.

"मग चालवून बघा ना, सर."

परीक्षकांनी बाह्या सरसावल्या. पंप चालवला, मोजलं, गणित केलं. पुन्हा केलं. मग ते शेजारच्या स्टुलावर मटकन बसले.

"अडुसष्ट पूर्णांक चार," ते पुटपुटले. डोळे पाणावले होते. "म्हणजे बरोबर होतं माझं! आणि मी बावीस वर्षं मनाला लावून घेतलं."

त्यांनी भराभर सगळ्यांना पास केलं. दशांशने व्हॉल्व्हकडे बोट दाखवून तोंड उघडलं, तेवढ्यात काका तेच फडकं खांद्यावर टाकून तिच्या कानाशी आले.

"राहू दे, पोरी. बावीस वर्षांनी सुटलाय माणूस."

दशांशने बोट खाली घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने शेवटचा आकडा सोडून दिला.